एक गाय, एक कळप आणि एक डोंगर

शाळेच्या ग्रंथालयात प्राण्यांविषयीची जी पुस्तके असतात ती बहुधा दोन जातींची असतात. पहिली जात माहितीची. वाघाची लांबी, हत्तिणीचा गर्भकाळ, शहामृगाच्या अंड्याचे वजन असा मजकूर त्यांत असतो. दुसरी जात कळवळ्याची. तीत मुके प्राणी असतात, दुष्ट माणसे असतात आणि शेवटी भूतदयेचा उपदेश असतो. पहिली पुस्तके प्रश्नमंजूषेला उपयोगी पडतात, दुसरी निबंधाला. विज्ञानाच्या तासाला मात्र दोन्हींचा फारसा उपयोग होत नाही. ही माहिती कुणी, कशी मिळवली हे पहिल्या पुस्तकांत नसते. आणि दया आल्यानंतर नेमके काय करायचे हे दुसऱ्या पुस्तकांत नसते.

एक तिसरी जात आहे आणि तिच्याकडे आपले लक्ष कमी जाते. ज्यांचे पोटच प्राण्यांवर अवलंबून आहे अशा माणसांनी लिहिलेली ही पुस्तके. त्यांतही दोन व्यवसाय मुख्य आहेत: पशुवैद्य आणि वनाधिकारी. हे लोक निव्वळ हौसेने प्राणी पाहत नाहीत. निदान चुकले तर शेतकऱ्याची गाय जाते. आडाखा चुकला तर एखादे जंगल उजाड होते. त्यामुळे 'तुम्हाला हे कसे कळले?' हा विज्ञानाचा मूळ प्रश्न त्यांच्या लेखनात जागोजाग हजर असतो. या लेखात अशा तीन लेखकांचा परामर्श घ्यायचा आहे: इंग्लंडचे पशुवैद्य जेम्स हेरियट, अमेरिकेचे वनाधिकारी आल्डो लिओपोल्ड आणि आपले मारुती चितमपल्ली. तिघेही वाचनीय आहेत, याबद्दल वाद नाही. आपली कसोटी वेगळी आहे. हे लेखक नेमके काय पाहतात, पाहिलेल्यावरून निष्कर्ष कसा काढतात, आणि त्यांच्या नजरेतून काय सुटते?

गोठ्यातले विज्ञान

जेम्स हेरियट हे टोपणनाव. खरे नाव जेम्स आल्फ्रेड वाइट (१९१६–१९९५). ग्लासगोच्या पशुवैद्यक महाविद्यालयातून १९३९ च्या अखेरीस ते पदवीधर झाले आणि १९४० मध्ये यॉर्कशर परगण्यातल्या थर्स्क या लहान गावी कामाला लागले. पुढचे सगळे आयुष्य त्यांनी तिथेच काढले. लिहायला लागले ते पन्नाशीच्या सुमारास. 'इफ ओन्ली दे कुड टॉक' (१९७०) आणि 'इट शुडन्ट हॅपन टु अ व्हेट' (१९७२) ही त्यांची पहिली दोन पुस्तके. ती एकत्र करून 'ऑल क्रीचर्स ग्रेट अँड स्मॉल' या नावाने १९७२ मध्ये अमेरिकेत निघाली आणि जगभर गाजली. १९७८ पासून बीबीसीने त्यावर दूरदर्शन मालिकाही केली.

पुस्तकाची सुरुवातच पाहण्यासारखी आहे. रात्रीची वेळ, थंडगार गोठा. नवशिका डॉक्टर कमरेपर्यंत उघडा होऊन दगडी फरशीवर पालथा पडला आहे. त्याचा हात खांद्यापर्यंत गाईच्या पोटात आहे. वासराची मान मागे वळलेली आहे आणि ती पुढे आणल्याशिवाय वासरू बाहेर येणार नाही. पाठ्यपुस्तकातल्या आकृतीत गर्भाशय स्वच्छ, कापून उघडे केलेले असते. इथे डोळ्यांना काहीच दिसत नाही. हे कान, हा जबडा, ही डोळ्याची खोबण असे बोटांच्या टोकांनी ओळखत जायचे, तेही गाय कळ देत असताना. वर शेजारी शेतकऱ्याचा काका उभा आहे आणि दुसऱ्या गावचा डॉक्टर हेच काम किती झटपट करतो हे सांगतो आहे. शरीररचनाशास्त्र म्हणजे नावांची यादी असे ज्या मुलांना वाटते, त्यांना हा प्रसंग वाचून दाखवावा. ती यादी पाठ का करायची याचे उत्तर त्यात आहे.

हेरियट यांचे दुसरे बलस्थान हे की स्वतःची फजिती ते लपवत नाहीत. एका शेतकऱ्याची गाय व्याल्यानंतर उठेना. तपासताना हाडांचा कटकट आवाज आला, म्हणून डॉक्टरांनी ठरवले की कमरेचे हाड मोडले आहे. गाय उठणार नाही, मोडीत काढावी. शेतकऱ्याने ऐकले नाही. कुणाच्या तरी सल्ल्यावरून त्याने नुकत्याच मारलेल्या मेंढीचे ओले कातडे गाईच्या पाठीवर घातले. गाय उठली! पुढे कितीतरी वर्षे तो शेतकरी हेरियट यांना ही गोष्ट चारचौघांत ऐकवत राहिला.

विज्ञानशिक्षकाच्या दृष्टीने हा प्रसंग सोन्यासारखा आहे. कातड्याने गाय उठली का? विण्याच्या सुमारास गाईच्या कटिभागातले अस्थिबंध सैल होतात. म्हणूनच वासराला वाट मिळते. ते सैल असताना हाडे हलतात आणि आवाज येतो. काही दिवसांनी ते आपोआप घट्ट होतात. म्हणजे निदान चुकले होते, आणि गाय तशीही उठणारच होती. कातडे घातले आणि नंतर गाय उठली, एवढेच खरे. 'नंतर' म्हणजे 'त्यामुळे' नव्हे. पण गंमत पुढेच आहे. शेतकऱ्याच्या बाजूने पाहिले तर पुरावा त्याच्याकडे होता: पदवीधर माणूस म्हणाला उठणार नाही, कातडे म्हणाले उठेल, आणि गाय उठली. त्याला अडाणी म्हणून भागत नाही. कातड्याशिवायच्या दहा गाई आणि कातड्यासहच्या दहा गाई असे पाहिल्याखेरीज हा वाद मिटत नाही, आणि एका गोठ्यात दहा गाई एकाच वेळी अशा बसत नाहीत. नियंत्रित प्रयोगाची गरज मुलांना पटवून द्यायला यापेक्षा सोपे उदाहरण शोधूनही मिळणार नाही.

दुग्धज्वराची गाय या पुस्तकांत भेटते. नुकती व्यालेली, भरपूर दूध देणारी गाय अचानक लटपटते, बसते, मान पोटाकडे वळवून निपचित पडते. शिरेतून कॅल्शियमचे द्रावण दिले की बहुतेक वेळा अर्ध्या-पाऊण तासात उठून उभी राहते. बघणाऱ्याला ही जादूच वाटते. हेरियट ती जादूसारखीच रंगवतात आणि पुढे जातात. इथे शिक्षकाने थांबावे, कारण खरी गोष्ट पुस्तकाबाहेर आहे. एक तर या ज्वरात ज्वर नसतो. अंग उलट गार पडते. एकोणिसाव्या शतकात या रोगाने बसलेल्या निम्म्याहून जास्त गाई दगावत. १८९७ मध्ये डेन्मार्कच्या श्मिट नावाच्या पशुवैद्याने असा तर्क केला की कासेत काहीतरी विष तयार होत असावे. म्हणून त्याने सडांतून पोटॅशियम आयोडाइडचे द्रावण आत सोडले. गाई वाचू लागल्या! थोड्याच वर्षांत कळले की औषधाची गरजच नाही, कासेत नुसती हवा भरली तरी गाय उठते. तर्क चूक, उपाय बरोबर. १९२५ मध्ये ड्रायअर आणि ग्रेग या दोघांनी एडिंबरो येथे खरे कारण सुचवले: दुधातून एकाएकी इतके कॅल्शियम निघून जाते की रक्तातले प्रमाण घसरते. मग हवेचा उलगडाही झाला. कासेत दाब वाढला की दूध झिरपणे थांबते आणि कॅल्शियमची गळती बंद होते. विज्ञानाचा रस्ता असा वाकडातिकडा असतो. पाठ्यपुस्तक तो सरळ करून दाखवते.

आता दोष. पहिला दोष साधा आहे. ही पुस्तके आत्मचरित्रासारखी वाटली तरी तशी नाहीत. गावाचे नाव, माणसांची नावे बदललेली आहेत. कथानायक १९३७ मध्ये गावात येतो, लेखक प्रत्यक्षात १९४० मध्ये आला. मुलगा जिम वाइट यांनी १९९९ मध्ये लिहिलेल्या चरित्रावरून हे सारे कळते. त्यामुळे कोणते औषध केव्हा आले याचा इतिहास या पुस्तकांवरून शिकवू नये.

दुसरा दोष खोल आहे. हेरियट यांना एका वेळी एकच जनावर दिसते. हे त्यांच्या धंद्याचेच स्वरूप आहे. ज्या गाईसाठी बोलावणे आले तिच्यापुरते पाहायचे. पण रोग दावणीपाशी थांबत नाहीत. गाईंचा सांसर्गिक गर्भपात, म्हणजे ब्रुसेलोसिस, हा कळपाचा रोग आहे आणि वार हाताने काढणाऱ्या माणसालाही तो होतो. स्वतः लेखकाला तो झाला होता. तरी या लेखनात तो येतो तो एक गमतीदार आजार म्हणून. क्षयाच्या चाचणीत वरून धडधाकट दिसणारी गाय कळपासाठी आणि दूध पिणाऱ्या मुलांसाठी मारावी लागते. केवढा मोठा नैतिक प्रश्न आहे हा! लेखकाचे लक्ष मात्र सरकारी फॉर्मांच्या गोंधळावर जास्त आहे. भोवतालचा डोंगर, माळ, पाखरे हे सगळे सुंदर पार्श्वभूमीसारखे मागे राहते. तिथे काय घडते आहे हे विचारायला डॉक्टरांना सवड नाही.

कळप मोजणारा माणूस

ज्यांना ती सवड होती, किंबहुना तेच ज्यांचे काम होते, ते आल्डो लिओपोल्ड (१८८७–१९४८). येल विद्यापीठात वनशास्त्र शिकून १९०९ मध्ये ते अमेरिकेच्या वनखात्यात लागले आणि ॲरिझोनाच्या जंगलात रुजू झाले. पुढे 'गेम मॅनेजमेंट' (१९३३) हा शिकारी प्राण्यांच्या व्यवस्थापनावरचा ग्रंथ लिहून त्यांनी या विषयाचा पाया घातला, आणि त्याच वर्षी विस्कॉन्सिन विद्यापीठात प्राध्यापक झाले. १९३५ मध्ये त्यांनी एक झिजलेले, वाळूचे शेत विकत घेतले आणि कुटुंबासह तिथे झाडे लावली. १९४८ च्या एप्रिलमध्ये शेजाऱ्याच्या शेतात लागलेला वणवा विझवताना त्यांना मृत्यू आला. 'अ सँड काउंटी अल्मनॅक' हे पुस्तक दुसऱ्या वर्षी, १९४९ मध्ये, प्रसिद्ध झाले.

या पुस्तकात वर्षाच्या बारा महिन्यांच्या नोंदी आहेत. फेब्रुवारीच्या प्रकरणात वीज पडून मेलेल्या एका ओकच्या झाडाचे खोड करवतीने कापले जाते. करवत एकेक वलय ओलांडत मागे मागे जाते आणि लेखक त्या त्या वर्षी त्या मुलखात काय घडले ते सांगत जातो: कोणता कायदा झाला, कोणता पक्षी शेवटचा दिसला, कुठले तळे आटवले गेले. ऐंशी वलये, म्हणजे ऐंशी वर्षांचा इतिहास, लाकडाच्या भुशातून. वार्षिक वलयांचा धडा इतक्या चांगल्या रीतीने दुसरीकडे कुठे वाचल्याचे आठवत नाही.

पण पुस्तकातले सर्वांत गाजलेले टिपण दुसरेच आहे: डोंगरासारखा विचार करण्याविषयीचे. ते १९४४ मध्ये लिहिले गेले. तरुणपणी वनखात्यात असताना लिओपोल्ड आणि त्यांच्या सोबत्यांनी एका लांडगीवर गोळ्या झाडल्या. त्या काळी लांडगा दिसला की मारायचा, असाच रिवाज होता. हिशेब सरळ होता: लांडगे कमी तर हरणे जास्त. मरणाऱ्या लांडगीच्या डोळ्यांतला हिरवा जाळ विझताना त्यांनी पाहिला आणि आपल्या हिशेबात काहीतरी चुकते आहे असे त्यांना जाणवले. पुढे एकेका राज्यातले लांडगे संपताना त्यांनी पाहिले. त्यामागोमाग हरणे वाढली, झुडपे ओरबाडली गेली, उतार उघडे पडले, आणि शेवटी हरणेच उपासमारीने मेली. हरीण लांडग्याला भिते, तसा डोंगर हरणाला भीत असावा, अशा विचारापाशी ते येतात.

हेरियट आणि लिओपोल्ड यांच्यातला फरक इथे उघड होतो. हेरियट यांच्या दृष्टीने जखमी प्राणी हा रुग्ण आहे. लिओपोल्ड यांच्या दृष्टीने तो एका संख्येचा भाग आहे, आणि ती संख्या एका भूभागाचा. ही नजर कठोर आहे. १९४३ मध्ये विस्कॉन्सिन राज्यात हरणे फार वाढली तेव्हा माद्याही मारू द्याव्यात अशी भूमिका त्यांनी घेतली आणि लोकांचा रोष ओढवून घेतला. हरणांची दया येणारे लोक एका बाजूला, आणि हरणांच्या भल्यासाठी बंदूक उचला म्हणणारा अधिकारी दुसऱ्या बाजूला! पाडसाला वाचवण्याच्या गोष्टी वाचून वाढलेल्या मुलांना हे कसे समजावून सांगायचे, हा शिक्षकापुढचा खरा प्रश्न आहे. 'प्राण्यांवर प्रेम करा' या वाक्याने तो सुटत नाही. कोणत्या प्राण्यावर? या हरणावर, की पुढच्या वर्षी याच डोंगरावर जन्मणाऱ्या हरणांवर?

आकड्यांचे पुढे काय झाले

लिओपोल्ड यांच्या लेखनाविषयी आदर बाळगूनही एक गोष्ट सांगितली पाहिजे. हिरवा जाळ हा पुरावा नव्हे. ते एका माणसाचे मन बदलल्याचे वर्णन आहे. पुराव्यासाठी लिओपोल्ड आणि त्यांच्यानंतरचे लेखक ॲरिझोनातल्या कायबाब पठाराचा दाखला देत आले. १९०६ मध्ये हे पठार राखीव झाले. शिकारीला बंदी आली, लांडगे आणि पहाडी सिंह मारले गेले. काही हजारांवर असलेली हरणे १९२४ च्या सुमारास एक लाखावर गेली आणि मग कोसळली, असा आलेख कितीतरी पाठ्यपुस्तकांत छापला गेला.

१९७० मध्ये ग्रेम कॉकली या प्राणिशास्त्रज्ञाने मूळ नोंदी तपासल्या. १९२४ साठी तीस हजारांपासून एक लाखापर्यंत वेगवेगळे अंदाज होते. आलेख काढणाऱ्यांनी सर्वांत मोठा उचलला होता. शिवाय त्याच काळात पठारावर चरणाऱ्या शेळ्यामेंढ्या आणि गुरे फार कमी झाली होती. म्हणजे हरणे वाढली ती हिंस्र प्राणी गेल्याने की चारा मोकळा झाल्याने, हे त्या नोंदींवरून ठरवता येत नव्हते. पुष्कळ पाठ्यपुस्तकांनी तो आलेख काढून टाकला. गोष्ट इथेही संपली नाही. २००६ मध्ये काही संशोधकांनी त्या पठारावरच्या ॲस्पेन झाडांची वये मोजली. हरणे फार होती असे म्हणतात त्या वर्षांत रुजलेली झाडे फारच थोडी सापडली. म्हणजे हरणांनी रोपे खाल्ली याला झाडांनी साक्ष दिली. लिओपोल्ड अगदीच चुकले नव्हते. त्यांच्या नावावर खपलेला आलेख चुकला होता.

हेरियट यांच्या मेंढीच्या कातड्याशी याचे नाते लक्षात येते का? लांडगे गेले, नंतर हरणे वाढली. 'नंतर' म्हणजे 'त्यामुळे' हे इथेही आपोआप सिद्ध होत नाही. शेतकरी ज्या खड्ड्यात पडला, त्याच खड्ड्यात पाठ्यपुस्तकांचे लेखकही पडले. एकाला आपण अंधश्रद्धा म्हटले, दुसऱ्याला परिस्थितिकी.

आपल्या भाषेतले रान

मराठीत या परंपरेतले सर्वांत मोठे नाव मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांचे. सोलापूरचा जन्म, महाराष्ट्राच्या वनखात्यात दीर्घकाळ नोकरी. नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट ही त्यांची कर्मभूमी. 'पक्षी जाय दिगंतरा', 'रानवाटा', 'चकवाचांदण', 'पक्षिकोश' ही पुस्तके अनेक शाळांत असतील. २००६ मध्ये सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते.

चितमपल्ली यांनी दिलेली सर्वांत मोठी देणगी शब्दांची आहे. बगळे, करकोचे यांच्या सामूहिक विणीच्या जागेला 'सारंगागार', कावळ्यांच्या वस्तीला 'काकागार' असे शब्द त्यांनी मराठीत रुजवले. गोंड, कोरकू, ढीवर अशा लोकांच्या तोंडची पाखरांची, झाडांची, माशांची नावे त्यांनी नोंदवली. नाव नसलेली वस्तू मुलांना दिसत नाही, हा आपल्या सर्वांचा अनुभव आहे. 'पक्षी' एवढाच शब्द ज्याच्याकडे आहे त्याला तळ्यावर पक्षी दिसतात. ज्याच्याकडे चाळीस नावे आहेत त्याला चाळीस पक्षी दिसतात. हेरियट आणि लिओपोल्ड हे काम आपल्यासाठी करू शकत नाहीत.

पण याच लेखनात एक अडचण आहे. स्वतः पाहिलेले, जुन्या संस्कृत ग्रंथात वाचलेले आणि रानातल्या वाटाड्याकडून ऐकलेले हे तिन्ही त्यांच्या गद्यात एकाच सुरात येते. ललित लेखन म्हणून त्याला एक गोडी आहे. विज्ञानाच्या तासाला मात्र हे तीन धागे वेगळे करावे लागतात. कावळ्याने कोणत्या झाडावर, किती उंचीवर घरटे बांधले यावरून त्या वर्षीचा पाऊस ओळखण्याचे आडाखे त्यांनी नोंदवले आहेत आणि दर उन्हाळ्यात ते वर्तमानपत्रांत येतात. हा आडाखा खोटा म्हणून झटकून टाकणे जितके अशास्त्रीय, तितकेच खरा म्हणून फळ्यावर लिहिणेही. तो तपासता येण्यासारखा आहे, हे महत्त्वाचे. एखाद्या शाळेने गावातली पंचवीस-तीस घरटी दर मे महिन्यात नोंदवली, झाड आणि उंची लिहून ठेवली, आणि तालुक्याच्या पर्जन्यमापकाचे आकडे शेजारी मांडले, तर आठ-दहा वर्षांत काहीतरी बोलता येईल. पहिली चौकट आठवीतल्या मुलाने भरावी आणि शेवटची त्याच्या धाकट्या भावाने.

गिधाडांची परीक्षा

आतापर्यंत गोठ्याची नजर आणि डोंगराची नजर अशा दोन नजरा आपण पाहिल्या. आता आपल्याच देशातला एक प्रश्न या दोन्ही नजरांपुढे ठेवून पाहू.

१९९० च्या दशकात भारतातली गिधाडे नाहीशी होऊ लागली. राजस्थानात भरतपूरच्या केवलादेव उद्यानात विभू प्रकाश यांनी घरटी रिकामी पडत असल्याची आणि झाडांवर माना टाकून बसलेली गिधाडे मरत असल्याची नोंद केली. पुढच्या मोजण्यांत दिसले की १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९९.९ टक्क्यांनी घटली. लांब चोचीच्या जातींची सुमारे ९७ टक्क्यांनी. हजारांतले एक उरले! घटीचा हा आकडा डोंगराच्या नजरेचा. कुणीतरी वर्षानुवर्षे घरटी मोजत होते म्हणून तो कळला. पण कारण त्या नजरेला दिसेना. अन्न भरपूर होते. रोगाचा संशय होता, जंतू सापडत नव्हता.

कारण सापडले ते शवविच्छेदनाच्या टेबलावर. पाकिस्तानातल्या पंजाबात काम करणाऱ्या लिंडसे ओक्स आणि सहकाऱ्यांना मेलेल्या गिधाडांच्या आतल्या अवयवांवर यूरिक आम्लाचे खडूसारखे पांढरे थर आढळले, म्हणजे मूत्रपिंडे निकामी झाली होती. विषाणू, कीटकनाशके, जड धातू एकेक करून बाद झाले. मग त्यांनी वेगळाच प्रश्न विचारला: गिधाडे काय खातात? मेलेली गुरे. त्या गुरांच्या अंगात मरण्यापूर्वी काय गेले होते? त्यासाठी ते पशुवैद्यांकडे आणि जनावरांची औषधे विकणाऱ्या दुकानदारांकडे गेले. मूत्रपिंडाला अपाय करू शकणारे आणि अलीकडे सर्रास वापरात आलेले एक औषध निघाले: डायक्लोफिनॅक. ताप, सूज, लंगडणे, कासेचा दाह यांवर दिले जाणारे वेदनाशामक. मूत्रपिंड निकामी होऊन मेलेल्या २५ गिधाडांपैकी २५ जणांत ते सापडले. दुसऱ्या कारणांनी मेलेल्या १३ पैकी एकातही नाही. इथे न थांबता त्यांनी हे औषध दिलेल्या जनावरांचे मांस बंदिस्त गिधाडांना खाऊ घालून पाहिले. ती तशीच मेली. हे संशोधन २००४ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. २५ आणि १३ हे दोन आकडे फळ्यावर लिहा आणि शेजारी मेंढीचे कातडे व कायबाबचा आलेख ठेवा. 'नंतर' पासून 'त्यामुळे' पर्यंतचा प्रवास कसा करायचा हे मुलांना एका तासात कळेल.

या प्रकरणात दुष्ट कोणीच नाही, ही त्यातली बोचणारी गोष्ट आहे. लंगडणाऱ्या बैलाला वेदनाशामक टोचणारा डॉक्टर दयाळूच होता. हेरियट यांच्या हाती हे औषध असते तर त्यांनी आनंदाने वापरले असते आणि त्यावर एक छान प्रकरण लिहिले असते. एका जनावराच्या नजरेतून पाहिले तर उपचार अचूक होता. पण बैल मेला, माळावर टाकला गेला, आणि एका सांगाड्याभोवती गिधाडांचा आख्खा थवा उतरला. गिधाडे थव्याने जेवतात, म्हणून मेलेल्या शंभर गुरांमागे एखाद्यात जरी घातक मात्रा असली तरी संपूर्ण जात कोसळायला ती पुरते, असे गणिताने दाखवले गेले. उलट, केवळ डोंगराची नजर असलेला अधिकारी अभयारण्याला कितीही कुंपणे घालत बसला असता तरी गिधाडे वाचली नसती. कारण विष गोठ्यातून येत होते.

उपायही दोन्ही नजरा एकत्र आल्यावरच निघाला. वेदनाशामक बंद करा, एवढे सांगून शेतकरी ऐकणार नव्हता आणि ते न्याय्यही नव्हते. बैलाची वेदना खरी होती. गिधाडांना न मारणारे आणि गुरांना गुण देणारे औषध हवे होते. मेलॉक्सिकॅम ते काम करते हे २००६ मध्ये दाखवले गेले, आणि त्याच वर्षी भारतात गुरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी आली. माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गुरांना वापरल्या जात होत्या, म्हणून २०१५ मध्ये त्या बाटल्यांचा आकार कमी करण्यात आला. गिधाडांना तितकेच घातक ठरलेले किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅक २०२३ मध्ये गुरांसाठी बंद झाले. गिधाडे मात्र पूर्वीसारखी परतलेली नाहीत. गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते. पंधरा वर्षांत गेलेले भरून यायला पिढ्या लागतील.

वर्गासाठी

एवढ्या चर्चेनंतर निवड सांगणे भाग आहे. हेरियट यांची पुस्तके आठवी ते दहावीच्या मुलांना निवडक प्रकरणे सांगण्यासाठी उत्तम. निदान कसे करतात, ते कसे चुकते, आणि चुकल्यावर कसे कळते, हे त्यांच्याइतके हसतखेळत कोणी शिकवत नाही. लिओपोल्ड मुलांपेक्षा शिक्षकांनी वाचावेत, सावकाश, आणि कायबाबची हकिकत शेजारी ठेवून. चितमपल्ली यांचा 'पक्षिकोश' सहलीच्या पिशवीत हवा. ललित पुस्तके वर्गात वाचताना 'पाहिले, वाचले, ऐकले' असे तीन रकाने फळ्यावर आखावेत आणि प्रत्येक विधान कोणत्या रकान्यात जाते हे मुलांनाच ठरवू द्यावे.

आणखी एक गोष्ट पुस्तकांवाचून करता येण्यासारखी आहे. बहुतेक गावांच्या जवळपास पशुवैद्यकीय दवाखाना असतो, आणि तालुक्यात वनपाल किंवा वनरक्षक असतोच. या दोघांना शाळेत बोलावण्याची पद्धत आहे, पण वेगवेगळ्या दिवशी आणि भाषणासाठी. त्यांना एकाच दिवशी बोलवावे आणि भाषणाऐवजी मुलांनी प्रश्न विचारावेत. गुरांना वेदनाशामक म्हणून सध्या कोणते औषध देता? तेच का? मेलेले जनावर गावात कुठे जाते? तिथे पूर्वी कोणते पक्षी येत, आता कोणते येतात? कुत्री वाढली आहेत का? यातल्या काही प्रश्नांची उत्तरे डॉक्टरांकडे असतील, काही वनरक्षकाकडे, आणि काही मागच्या बाकावर बसलेल्या, आजोबांबरोबर गुरे राखणाऱ्या मुलाकडे. उरलेले प्रश्न कुणाकडे पोचवायचे हे त्या दिवशीच ठरवावे, म्हणजे ते वहीतच पडून राहणार नाहीत.